सात नंबरची बाटली

दर तासाला मी कपाटातून बारा बाटल्या काढतो.
बाराही खोट्या.
एकीच्या ओठाला चीर, एकीच्या बुडात बुडबुडा,
एक पोटात अशी कललेली
जणू शेजारणीचं चोरून ऐकतेय.
मानेला लाल पट्टी, पट्टीवर आकडा.
चांगल्यांच्या रांगेत त्यांना सोडायचं
आणि यंत्र ओळखतं का बघायचं.

ओळखतं.
सहा कॅमेरे, वाऱ्याची एक फुंकर,
खोटी बाटली रांगेबाहेर.
मी ती उचलतो, पुसतो, परत कपाटात.
कुतैसीच्या या कारखान्यात
सगळ्यात जास्त जगलेल्या बाटल्या याच.
चांगल्या काय, निघून जातात;
तरखुनाचं हिरवं सरबत पोटात घेऊन
कुणाच्या तरी लग्नाला.

सात नंबर त्सिउरीमावशीची.
यंत्र यायच्या आधी इथे ती होती,
पांढऱ्या उजेडाच्या पडद्यापुढे, स्टुलावर,
सत्तावीस वर्षं, डोळ्यांत तेल घालून.
वीस मिनिटं बाटल्या, वीस मिनिटं नुसती भिंत.
झोपेतही त्या डावीकडून उजवीकडे जायच्या म्हणते,
आणि नवऱ्याने कूस बदलली की ती पुटपुटायची,
"ही काढ."

सात नंबरच्या आत
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
काचेचा एक तंतू होता. केसाएवढा.
साचा उघडताना काच काचेला चिकटते,
सुटता सुटता तार ओढून ठेवते.
आमच्याकडे त्याला पाखराचा झोका म्हणतात.
ज्याने हे नाव ठेवलं
त्याने तो कुणाच्या घशात गेलेला पाहिला नसावा.
मावशीने पाहिला होता. त्यावर ती बोलत नाही.

परवा रात्री तीनच्या फेरीला
अकरा बाहेर आल्या.
सात नंबर सरळ पुढे गेली,
लाल पट्टीसकट, ताठ मानेने.

भोंगा. लाइन बंद.
मी कॅमेऱ्यांच्या काचा पुसल्या, दिवे बदलले,
श्टुटगार्टच्या हार्टविगला झोपेतून उठवलं;
तो म्हणाला, मागच्या तासाचा सगळा माल अडवा.
सव्वाशे क्रेट, नाही, दीडशे असतील.
मग मावशीला फोन केला.
निवृत्त बाई, पहाटे चारला,
रात्रीच्या झग्यावर नवऱ्याचा कोट घालून आली.

तिने बाटली उजेडापुढे धरली. फिरवली.
काळ्या रुमालावर उपडी केली, बुडाला दोन टिचक्या.
रुमालावर काहीतरी चमकलं.
"यंत्राचं बरोबर आहे, लाशा," ती म्हणाली,
"झोका तुटला.
किती वेळा ढकललंत हिला? हिची खोट झिजली."

आता ती बाटली चांगली होती.
पण पट्टी काढून रांगेत लावायचा धीर
आमच्यात कुणालाच झाला नाही,
आणि फोडायचाही नाही.

सकाळी भट्टीवरच्या जुंबेरकडे गेलो.
म्हटलं, एक झोका हवा, नमुन्याला.
तो तापल्या गोळ्यावरची नजर न हलवता हसला.
"खोट काय मागून मिळते?
चार वर्षांत एक निघालेला नाही माझ्या साच्यातून."
हे सांगताना छाती केवढी फुगली होती त्याची.

म्हणून आज मागच्या अंगणात,
फुटक्या काचेच्या ढिगाऱ्यापाशी,
त्सिउरीमावशी उलट्या क्रेटवर बसलीय.
नदीवरून वारा येतोय, कोटाची बटणं नाहीत.
टाकलेल्यातली एकेक अख्खी बाटली
ती आभाळापुढे धरते,
एक डोळा मिटते,
आणि सगळं आयुष्य जे काढून टाकलं
ते शोधते.

"ही नाही," म्हणते. "हीपण नाही."
मी शेजारी उभा, हातात लाल पट्टी.
आत यंत्र पुन्हा सुरू झालंय,
अधूनमधून फुंकर ऐकू येते.
प्रत्येक फुंकरीला ती मान वर करते.